कर्ज कुणाचंही असो, हिशोब आपल्या हातात ठेवा

तुमच्या घरावर आज एकूण किती कर्ज आहे? यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुतेक अंदाजानं येतं, "असन दोन-अडीच लाख." सोसायटीचं किती ते नक्की सांगतात, सोनं किती रकमेवर ठेवलं तेही आठवतं. पण कृषी केंद्राची उधारी, बायकोच्या गटाचा हप्ता, लग्नाच्या वेळचे हातउसने, सावकाराचं थकलेलं व्याज, हे सारं एका ठिकाणी मांडून खाली बेरीज केलेला कागद फार थोड्या घरांत सापडतो. माझं मागणं एवढंच आहे, की तो कागद तयार करा. आणि तो मोबाइलमधल्या स्प्रेडशीटवर करा, म्हणजे एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलतील.

त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायचं नाही. गूगल शीट्स फुकट आहे, साध्या मोबाइलवर चालतं. संगणक असेल तर एक्सेल किंवा लिब्रेऑफिस चालेल. गावोगावी एमएस-सीआयटी केलेली पोरं-पोरी आहेत. त्या अभ्यासक्रमात शिकलेल्या रांगा-रकान्यांचा घराला याहून मोठा उपयोग दुसरा नसेल.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इथला कास्तकार हिशोब येत नाही म्हणून कर्जात गेला, असं मी मुळीच म्हणत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचं नाव या दुःखाशी जोडलं गेलं. कोरडवाहू पऱ्हाटी, पावसाचा खंड, बोंडअळी आणि खर्चाला न पुरणारा भाव ही त्यामागची कारणं आहेत. ती शीटमध्ये आकडे भरून जाणार नाहीत, त्यासाठीची लढाई वेगळी आणि ती लढलीच पाहिजे. पण त्याच भावात, त्याच पावसात, व्याजापायी घरातून जाणारा पैसा कमी करणं आपल्या हातात आहे. मी फक्त तेवढ्या भागाबद्दल बोलतो आहे.

आपल्याकडे कर्जाचा हिशोब पिढ्यान् पिढ्या देणाऱ्याच्या वहीत राहिला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा सगळा रोख कर्जरोख्यांवर होता. जागोजागी ती खतं हिसकावून जाळली गेली. घेणाऱ्यानं किती फेडलं याचा त्याच्याकडे काहीच पुरावा नसायचा, आणि खतावर लिहिलेला आकडाच खरा धरला जायचा. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं सावकारावर पावती देण्याचं आणि हिशोबाचं विवरण देण्याचं बंधन घातलं, ते याच कारणानं. आज दीडशे वर्षांनंतर कागद बदलले, पण किती घरांत स्वतःचा उतारा स्वतःकडे आहे? २००६ चं पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, २००८ ची कर्जमाफी आली, २०१७ ची दीड लाखापर्यंतची आली, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची आली. दर वेळी माणसं बँकेच्या दारात उभी राहिली ती "आमच्या नावावर किती निघतं?" हे विचारायला.

म्हणून सुरुवात पहिल्या शीटनं करा. आडव्या ओळीत एकेक कर्ज, उभ्या रकान्यांत त्याची माहिती: कुणाचं, कधी घेतलं, मूळ रक्कम, आजची बाकी, वर्षाचा व्याजदर, महिन्याचा हप्ता, शेवटची तारीख, तारण काय, जामीनदार कोण. आकडे टाकताना मात्र इंग्रजी अंकच टाका आणि चौकटीत नुसता आकडा लिहा. "३० हजार" असं लिहिलं की शीट त्याला अक्षरं समजते आणि बेरीज होत नाही. मराठी अंकांचंही अनेक मोबाइलवर तसंच होतं. बाकी नावं-गावं खुशाल मराठीत लिहा.

माहिती गोळा करायला दोन-चार दिवस जातील, जाऊ द्या. सोसायटीच्या सचिवाकडून आणि बँकेतून खातेउतारा मागा. सोनेतारणाच्या पावतीवर दर आणि मुदत असते. गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कार्डावर हप्ते असतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिलेल्या किरकोळ मुदत कर्जांसोबत बँकेनं किंवा वित्त कंपनीनं सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेलं एक माहितीपत्रक द्यायचं असतं. मिळालं नसेल तर मागा. आणि सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तोही काढा. कुण्या भावकीतल्या माणसाला आपण जामीन राहिलो होतो आणि ते कर्ज थकलं आहे, हे बऱ्याच जणांना नवं कर्ज नाकारलं गेल्यावरच कळतं.

ही माहिती नवऱ्यानं एकट्यानं भरू नये, आणि बायकोनंही नाही. दोघांनी बसून भरावी, घरात कळती मुलं असतील तर त्यांनाही बसवावं. आपल्या जिल्ह्यात अशा कितीतरी बाया आहेत ज्यांना नवरा गेल्यावर, दारात आलेल्या माणसांच्या तोंडून, कर्जाचा आकडा पहिल्यांदा कळला. तो आकडा खरा की फुगवलेला, हे ताडून पाहायला त्यांच्या हातात काही नव्हतं. दुसऱ्या बाजूनं, गटाचा हप्ता भरायला हातउसने घेतलेल्या आणि ते घरात न सांगितलेल्या बायाही आहेत. एकमेकांपासून लपवलेल्या कर्जावर कुठलीही शीट काम करत नाही. कुणी कुणाला दोष द्यायचा नाही असं आधी ठरवा आणि मग बसा.

आता एक घर घेऊ. नाव नको, समजा घाटंजी तालुक्यातलं सहा एकर कोरडवाहू कापूस-तुरीचं घर. सोसायटीचं पीककर्ज ९०,०००. सोनेतारण ६०,०००, वर्षाला १२ टक्के. बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचे ४०,०००, वर्षाला २४ टक्के. गावातल्या माणसाकडून शेकडा पाचानं ३०,०००. कृषी केंद्राची उधारी २२,०००. एकूण २,४२,०००.

इथं दराचा रकाना भरताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. बँक १२ टक्के म्हणते ते वर्षाचे. गावात शेकडा पाच म्हणतात ते महिन्याचे, म्हणजे वर्षाचे ६०. हे दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय शेजारी शेजारी ठेवू नका. उधारीचाही दर काढता येतो. जे औषध-बियाणं जूनमध्ये रोखीनं १९,००० ला मिळालं असतं ते डिसेंबरच्या बोलीवर २२,००० ला घेतलं, तर सहा महिन्यांचे ३,००० गेले. वर्षाच्या हिशोबानं तो दर साडेएकतीस टक्क्यांच्या वर जातो. गाडीच्या शोरूममध्ये सांगतात तो फ्लॅट दरही असाच तपासा. ६०,००० रुपये तीन वर्षांसाठी ११ टक्के फ्लॅटनं घेतले की व्याज १९,८०० आणि हप्ता २,२१७ चा होतो. कर्ज दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवर लावलेलं असतं. घटत्या बाकीवर तोच दर साडेएकोणीस टक्क्यांच्या पुढं निघतो. शीटमध्ये 'रेट' नावाचं सूत्र आहे. त्यात हप्त्यांची संख्या, वजा चिन्ह लावून हप्ता आणि रक्कम टाकली की महिन्याचा दर मिळतो, त्याला १२ नं गुणा.

दर भरून झाले की पुढच्या रकान्यात महिन्याचं व्याज काढा. बरोबरचं चिन्ह, मग बाकीची चौकट गुणिले वर्षाचा दर भागिले १२००. आपल्या या घराचं चित्र असं येतं: पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य, सोनेतारण ६००, मायक्रोफायनान्स ८००, गावातलं कर्ज १,५००. उधारी बाजूला ठेवली तरी महिन्याला २,९०० रुपये नुसतं व्याज. आणि त्यातलं निम्म्याहून जास्त व्याज एकूण देण्याच्या आठव्या हिश्श्याएवढ्या कर्जावर जातं. घरात चिंता मात्र सोसायटीच्या नव्वद हजारांची असते, कारण तो आकडा मोठा आणि नोटीस छापील.

म्हणून दुसरी शीट या तीस हजारांची एकट्याची करा. पाच रकाने पुरतात: महिना, सुरुवातीची बाकी, व्याज, भरलेली रक्कम, शेवटची बाकी. शेवटची बाकी पुढच्या ओळीत सुरुवातीची होते. एक ओळ नीट बांधा, मग ती खाली ओढत न्या. महिन्याला ३,००० भरले तर पहिल्या महिन्यात व्याज १,५००, बाकी २८,५००. दुसऱ्यात व्याज १,४२५, बाकी २६,९२५. तिसऱ्यात व्याज १,३४६, बाकी २५,२७१. पंधराव्या महिन्यात उरलेली थोडी रक्कम भरून खातं बंद होतं. आता भरण्याच्या चौकटीत २,००० टाका, साधारण साडेअठ्ठावीस महिने लागतात आणि एकूण ५७,००० च्या आसपास जातात. १,६०० टाका, सत्तावन्न महिने आणि जवळपास ९१,००० जातात. आणि फक्त १,५०० टाकले तर ओळ कितीही खाली ओढा, बाकी ३०,००० च राहते. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज दिलेलं असतं आणि मुद्दल जागच्या जागी असतं. १,६०० आणि ३,००० यांच्यातला फरक जीभ सांगते त्याहून किती मोठा आहे, हे ही शीट डोळ्यांना दाखवते. मला वाटतं कर्जदारानं आयुष्यात एकदा तरी हा खेळ स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावा.

पण थांबा, महिन्याला ३,००० आणायचे कुठून? पगारदाराचं ठीक. शिक्षक, एसटीतला चालक, वणीच्या कोळसा खाणीतला कामगार यांना महिन्याला ठरलेली रक्कम येते. कास्तकाराला महिन्याचा पगार नाही. म्हणून कर्जफेडीच्या ज्या तयार शीट मोबाइलवर मिळतात त्या आपल्याला जशाच्या तशा चालत नाहीत. त्यांत उत्पन्न दरमहा सारखं धरलेलं असतं. आपली शीट जूनपासून मेपर्यंतची हवी. वरच्या ओळीत बारा महिने, खाली येणारा पैसा आणि जाणारा पैसा. सोयाबीन असेल तर ऑक्टोबरात, कापसाचा चुकारा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,०००, ज्या महिन्यात खात्यात आले त्या महिन्यात. मजुरी, दूध, कुणी एमआयडीसीत जात असेल तर त्याचा पगार. खर्चाच्या बाजूला पेरणी, खत, निंदण, फवारणी, वेचाई, शाळा, पोळा-दिवाळी, दवाखाना. दवाखान्याची ओळ रिकामी ठेवू नका. जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत मोठं कर्ज दवाखान्यापायी झालेलं असतं आणि ते पिकाच्या नावावर खपतं.

प्रत्येक महिन्याखाली शिल्लक काढा आणि शिल्लक शून्याखाली गेली की चौकट लाल व्हावी अशी सोय लावा. ती सोय शीटमध्ये असते, एमएस-सीआयटीवाली पोरगी दोन मिनिटांत लावून देईल. बहुतेक घरांत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर लाल होतात. शेकडा पाचाचं कर्ज याच तीन महिन्यांत निघतं, युरियाला, फवारणीला, तापाच्या सलाईनला. आता जानेवारीच्या चौकटीकडे या. चुकारा हातात आहे, लग्नसराई समोर आहे. त्या वेळी ऑगस्टची लाल चौकट दिसत असेल, तर पंधरा हजार पोस्टात किंवा वेगळ्या खात्यात टाकून ठेवता येतात. ते टाकले की ऑगस्टचा लाल रंग जातो आणि त्या वर्षी नवं सावकारी कर्ज होत नाही. या शीटचा माझ्या मते हाच सर्वात मोठा उपयोग. जुनं कर्ज फेडणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच पुढचं होऊ न देणं, आणि त्याचा निर्णय ऑगस्टात घेता येत नाही.

कापसाच्या भावालाही एक स्वतंत्र चौकट द्या आणि सगळं उत्पन्न त्या चौकटीवरून काढा. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. खेडा खरेदीत व्यापारी ७,००० म्हणतो. पंचवीस क्विंटलवर हा फरक २७,७५० रुपयांचा, म्हणजे गावातलं ते सगळं कर्ज जवळजवळ फिटावं एवढा. म्हणून पहिली सूचना हमीभावानं खरेदी करणाऱ्या सीसीआयबद्दल, नोंदणी वेळेत करा आणि कापूस वाळवून न्या. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढं १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर गाडी परत. पण दाराशी तगादा असताना सगळा कापूस धरून ठेवणं परवडतं का? शीटला विचारा. पाच क्विंटल आज ७,००० नं विकले तर ३५,००० येतात, तीस हजारांचं मुद्दल आणि महिन्याचं व्याज देऊन ३,५०० उरतात. हमीभावाच्या तुलनेत तोटा ५,५५० चा. न विकता थांबलं तर महिन्याला १,५०० व्याज चालू. म्हणजे सीसीआयचा पैसा तीन महिन्यांत खात्यात येणार असेल तर थांबणं फायद्याचं, चार महिने लागणार असतील तर पाच क्विंटल आजच विकून टाका आणि वीस धरून ठेवा. व्यापाऱ्याचा भाव ७,५०० असेल तर गणित लगेच बदलतं. सगळा कापूस एका दिवशी मिळेल त्या भावात ओतणं किंवा सगळाच मार्चपर्यंत घरात भरून ठेवणं, या दोन टोकांच्या मध्ये किती वाटा आहेत ते तेव्हा दिसतं.

कुठलं कर्ज आधी फेडायचं? काही जण सांगतात, लहान कर्ज आधी संपवा म्हणजे हुरूप येतो. हुरुपाचं महत्त्व मी कमी लेखत नाही. तरी माझा सल्ला स्पष्ट आहे: सगळीकडचे किमान हप्ते चालू ठेवा आणि वरचा प्रत्येक रुपया सर्वात महाग दराच्या कर्जावर टाका. याला अपवाद एकच, पीककर्जाची तारीख. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतली राज्याची सवलत मिळून व्याज पडत नाही. मुदत चुकली की ती सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं, मग पेरणी सावकाराच्या पैशावर. नवं-जुनं करायला चार दिवसांसाठी बाहेरून पैसा घेता तेव्हा त्या चार दिवसांचं किती दिलं, तेही लिहा. दरवर्षी ते विसरलं जातं. आणि पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, दुष्काळ जाहीर झाला, तर पुनर्गठनासाठी बँकेत लेखी अर्ज द्या, तोंडी विचारून परत येऊ नका.

महाग कर्ज स्वस्त कर्जानं फेडणं हा मार्गही शीटवर तपासा. तीस हजार शेकडा पाचाऐवजी बँकेच्या सोनेतारणात १२ टक्क्यांवर नेले की महिन्याचं व्याज १,५०० वरून ३०० वर येतं. सोन्याचा भाव वाढला आहे, आधीच तारण असलेल्या सोन्यावर वाढीव रक्कम बसते का हे बँकेत विचारा. वाचलेले १,२०० मात्र त्याच कर्जात भरायचे. हलकं झालं म्हणून परत त्याच दारात गेलात तर एकाची दोन कर्जं होतील. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाच्या ॲपपासून दूर राहा, आणि ही शीट कुणा एजंटच्या हातात देऊ नका. ओटीपी, पिन, खात्याचा पूर्ण क्रमांक तीत लिहूच नका.

सावकारी कर्जाबद्दल कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शेतकरी नसलेल्यांसाठी हे दर १५ आणि १८ आहेत. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आणि पावती द्यावी लागते. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. तिथं तुमची शीट उपयोगी पडेल, पण नुसत्या आकड्यांना वजन कमी. म्हणून शक्य तिथं पैसे फोनपे-गूगलपेनं किंवा खात्यातून द्या, रोख दिले तर चिठ्ठी घ्या, तिचा फोटो काढा आणि त्याच ओळीत तारीख टाका.

मायक्रोफायनान्सच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीचं हे विनातारण कर्ज. घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा भेट नको, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. आपल्या उदाहरणातल्या चाळीस हजारांचा चोवीस महिन्यांचा हप्ता २,११५ येतो. 'पीएमटी' हे सूत्र वापरून तुमच्या कार्डावरचा हप्ता ताडून पाहा. फार जास्त असेल तर वर काय लावलं आहे, विमा की प्रक्रिया शुल्क, ते शाखेत जाऊन लेखी विचारा. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज काढलं असेल तर ती दोन कर्जं शेजारच्या ओळींत लिहा आणि तिसरं घ्यायचं नाही हे तिथंच ठरवा.

कर्जमाफीचा पैसा आला तर जरूर लिहा, पण खात्यात जमा झाल्यानंतर. येईल या भरवशावर भरणा थांबवलेली कितीतरी खाती अटींत बसली नाहीत आणि व्याज वाढून बसलं.

शीट आठवड्यातून एकदा उघडली तरी पुरे, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी. घरातल्या एकाकडे काम सोपवा, पण पाहण्याची सोय दोघांच्याही मोबाइलवर ठेवा. वर्षातून एकदा छापून पासबुकांसोबत ठेवा. एखादं कर्ज फिटलं की काम तिथं संपत नाही. बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्या, सोनं मोजून ताब्यात घ्या, तलाठ्याकडे दाखला देऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या आणि नवा उतारा काढून पाहा. हे सगळं झाल्यावरच ती ओळ हिरवी करा.

कुणाच्या शीटमध्ये सगळे महिने लालच राहतील. उत्पन्न कितीही ताणलं तरी हप्ते बसत नाहीत, असंही होईल. ते दिसलं तर घाबरून शीट बंद करू नका आणि घरात एकट्यानं तो भार वाहू नका. ती घेऊन बँकेच्या शाखाधिकाऱ्याकडे जा, हप्त्यांची मुदत वाढवून मागा, एकरकमी परतफेडीत किती सूट मिळते ते विचारा. त्या तडजोडीची नोंद पतअहवालात राहते हेही लक्षात घेऊन ठरवा. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.

महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना, उमेद आणि माविमच्या ताईंना, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावातल्या निदान पाच घरांना ही शीट बांधून द्या आणि त्यांचे आकडे बाहेर कुठं बोलू नका. आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती, या आठवड्यात सोसायटीतून आणि बँकेतून खातेउतारा आणा, घरच्यांना घेऊन बसा, आणि सर्वात महाग दराच्या कर्जाची ओळ आधी भरा.